पाळीची नोकरी, रविवारची उपासना आणि मंडळीची कामं: वेळ कुठून काढायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही सरकारी दवाखान्यात सिस्टर. मिस्टर संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपनीत, तीन पाळ्यांत. राहायला बजाजनगर, मंडळी (म्हणजे चर्च) छावणीत. मुलगा नववीत, मुलगी चौथीत, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास. अंबड तालुक्यात थोडी शेती, तिथे दीर असतात. रविवारची उपासना, त्याच वेळी तुमच्याकडे शब्बाथशाळेचा, म्हणजे मुलांच्या बायबल शिक्षणाचा वर्ग, बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी उपासप्रार्थना, शनिवारी गायनाचा सराव. त्यात आता पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) म्हणतात, मिस्टरांनी पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत यावं. "काही ना काही सुटतंच, आणि सुटलं की आपण देवाला फसवतोय असं वाटतं. इतर लोक वेळ कसा काढतात?"

मी जालन्याकडचा, निवृत्त शाळामास्तर. शब्बाथशाळा आणि कमिटी दोन्हीकडे बरीच वर्षं काढली आहेत. मंडळ्या वेगवेगळ्या असल्या, तरी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथडिस्ट असो की कॅथोलिक, नोकरदार घरांची अडचण सारखीच असते.

पहिली गोष्ट, तुम्ही सहा गोष्टींची एकच यादी केली आहे. तिची दोन खाती करा. एका खात्यात उपासना: तुम्ही स्वतः बसून वचन ऐकता, गाता, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेता. दुसऱ्या खात्यात सेवा: वर्ग घेणं, सराव, कमिटी, मंडळ. आपल्याकडे गोंधळ होतो तो ही दोन खाती एकत्र केल्यामुळे. जो तबला वाजवतो, माइक बघतो, अर्पणाची थैली फिरवतो, चहाचं सांगून येतो, तो दर रविवारी उपासनामंदिरात हजर असतो आणि कित्येक महिने त्याने पाळकांचा एक संदेश (प्रवचन) धड ऐकलेला नसतो. तुमचं तेच झालंय. संदेशाच्या वेळी तुम्ही मागच्या खोलीत मुलांसोबत. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं आहे, तीच तुमच्या आठवड्यात नाही. थकवा बराचसा तिथून येतो.

म्हणून सगळ्यात आधी शब्बाथशाळेचं बघा. एका वर्गाला दोन शिक्षिका हव्यात, एक रविवार तुम्ही, एक रविवार दुसरी. दुसरी कोणी मिळत नाही असं ऐकू येईल. बारावी झालेली मुलगी, नुकतीच लग्न होऊन आलेली सून, निवृत्त बाई यांच्यापैकी एकीला तीन महिने शेजारी बसवून घ्या, तयार होते. हा मार्ग मोशेला त्याच्या सासऱ्याने सांगितलेलाच आहे. बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्यायनिवाडे करत बसला होता. इथ्रोने सांगितलं, असं केलंस तर तूही झिजशील आणि लोकही. जबाबदार माणसं निवड आणि वाटून दे. आपल्या मंडळ्यांत हा अध्याय वाचतात खूप, अमलात कमी आणतात.

आता पाळ्यांकडे येऊ. रविवार मोकळा मिळणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं धरून आपण चालतो आणि मग रविवारी ड्युटी लागली की अपराधी होतो. पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हती. रोमन साम्राज्यात ती कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने इसवी सन ३२१ मध्ये आली. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं गुलाम, मजूर, कारागीर पहाटे कामाच्या आधी जमायचे किंवा रात्री कामानंतर. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने बादशहाला लिहिलं, त्यातही हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात असंच आहे. आपल्या इकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० पासून, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षं लढा दिल्यावर. आणि मराठवाडा तर निजामाच्या राज्यात. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं तेव्हापासून इकडच्या खेड्यांत जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुतेक शेतावर राबणारे. त्यांना आठवड्याची सुट्टी कसली? ती माणसं उपासना करतच होती. सवडीप्रमाणे वेळ हलवायची, आठवडा मात्र रिकामा जाऊ द्यायची नाहीत.

तेव्हा तुम्ही वारावर बेत आखू नका, पाळीवर आखा. कंपनीत आठवड्याची एक सुट्टी असते, पण ती रविवारीच येईल असं नाही. मिस्टरांच्या पाळ्यांचा तक्ता आणि तुमची ड्युटी यादी महिन्याच्या सुरुवातीला शेजारी शेजारी ठेवा आणि चार रविवारांसमोर लिहा: कोण सकाळच्या उपासनेला, कोण संध्याकाळच्या, कोणाला जमणारच नाही. एवढ्याने निम्मा त्रास जातो, कारण शनिवारी रात्री अकराला ठरवायचं काही उरत नाही. सकाळची पाळी असेल तर संध्याकाळची उपासना. शहरातल्या बऱ्याच मंडळ्यांत आता दोन वेळा असतात. आपल्या मंडळीत नसेल तर जवळच्या मंडळीत जाऊन बसायला हरकत नाही, पाळकसाहेबांना सांगून जा म्हणजे झालं. कॅथोलिक घरांना तर शनिवार संध्याकाळची मिस्सा (त्यांची उपासना) रविवारची म्हणून चालते, ती सोय त्यांनी वापरावी.

रात्रपाळीचं मात्र वेगळं सांगतो. शनिवारी रात्री कामावर गेलेला माणूस रविवारी सकाळी सात-साडेसातला घरी येतो आणि बायको म्हणते, तोंड धुवा, नऊला निघायचंय. असं करू नका. वाळूज ते छावणी रस्त्यावर ट्रक कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि रात्रभर जागलेल्या माणसाने दुचाकीवर मागे मुलीला बसवून त्या रस्त्याने जाणं यात भक्ती कुठलीच नाही. पोहोचले तरी ते झोपणार. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस गावी प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत डुलक्या घेता घेता तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं. तो का झोपला याची चौकशी कोणी केल्याचं लिहिलेलं नाही. मिस्टरांना दुपारपर्यंत झोपू द्या, संध्याकाळी जाऊ द्या. संध्याकाळीही नाही जमलं तर त्या आठवड्यात बुधवारी-गुरुवारी दुपारी ते घरी असतील, तेव्हा एखाद्या घरची कॉटेज प्रार्थना धरता येते.

तुमच्या ड्युटीचं. यादी लागल्यावर बदल मागणं आणि यादी बनण्याआधी सांगणं, यात फार फरक पडतो. इन्चार्ज सिस्टरांना महिन्याच्या आधीच लेखी द्या: दोन रविवार सकाळ मोकळी मिळाली तर बरं, बदल्यात दोन रविवारी मी दुपारपाळी किंवा रात्रपाळी करते. चारही रविवार मागू नका. मिळणार नाहीत, आणि सोबतच्या बायकांच्या डोळ्यांवर याल. सणांची देवघेव तर आपल्या सिस्टर लोकांत पूर्वीपासून चालत आली आहे. दिवाळी-पाडव्याला, ईदला तुम्ही ड्युटी घ्या; नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) त्या तुम्हाला देतात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीनची उपासना असते, त्यामुळे त्या दिवसाचं आधी पक्कं करा. तो सण दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. जानेवारीतच कॅलेंडर बघून सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

आता घरचं, आणि हे जरा स्पष्ट लिहितो. आपल्या समाजात पुरुष कमिटीवर जातो तेव्हा तो वेळ देतो बायकोचा. उपासना संपल्यावर "पाच मिनिटं बसू" म्हणून सुरू झालेली बैठक दोन वाजेपर्यंत चालते आणि तिकडे बाई मुलं, सासू, स्वयंपाक सांभाळत वाट बघत असते. त्यामुळे मिस्टरांनी कमिटीत जावं का, याचं उत्तर पाळकसाहेबांनी देण्याआधी तुम्ही दोघांनी घरात द्यायचं. माझं मत विचाराल तर मुलाची दहावी होईपर्यंत नको. तीन पाळ्यांचा माणूस निम्म्या बैठकांना गैरहजर राहणार, आणि गैरहजर सभासद मंडळीलाही उपयोगाचा नाही. त्यांना काही करायचंच असेल तर वेळेला न बांधलेलं काम घ्यावं: वीज, पंखे, पाण्याची मोटर, दुरुस्ती. कंपनीतला माणूस हे चांगलं करतो आणि ते मंगळवारी दुपारीही होतं.

नाही कसं म्हणायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ओळींमध्ये दिसतो. पाळकसाहेबांना "बघू", "प्रार्थना करतो" म्हणू नका. त्याचा अर्थ ते होकार घेतात आणि त्यात त्यांची चूक नाही. मिस्टरांनी सरळ सांगावं, "साहेब, या वर्षी आमच्या घरातून दोन कामं होतील. हिची शब्बाथशाळा, माझी दुरुस्तीची कामं. तिसरं घेतलं तर तिन्ही अर्धवट होतील. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा." बहुतेक पाळकांना असं उत्तर आवडतं, कारण त्यांना रोज मिळतात ते गोड होकार आणि रविवारी रिकाम्या खुर्च्या.

म्हणजे तुमच्याकडे सेवेचं एकच काम राहील, शब्बाथशाळा, तीही एक रविवार आड. गायनाचा सराव सोडा. महिला मंडळाला बुधवारी सुट्टी असेल तर जा, नसेल तर नाही, आणि नाही गेलात तर कारणं सांगत बसू नका. वस्तीतल्या किती म्हाताऱ्या तुमच्याकडे बीपी तपासायला, गोळ्या समजून घ्यायला येतात? त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसून प्रार्थना करून येता, ती भेट मंडळीचीच आहे. मात्र त्यालाही वेळ बांधा, नाहीतर रात्री दहालाही दार वाजतं. उपासप्रार्थना महिन्यातून एका शुक्रवारी धरा. सिस्टरने दर आठवड्याला उपाशी पोटी वॉर्डात आठ तास उभं राहावं हे मला तरी पटत नाही.

वर्गाची तयारी रविवारी सकाळी गाडीवर बसल्यावर होत नाही, मुलांना ते लगेच कळतं. गोष्ट आठवड्याच्या सुरुवातीलाच वाचून ठेवा. नंतर ती डोक्यात घोळत राहते, बसमध्ये, भांडी घासताना. चित्र किंवा प्रश्न शेवटी शुक्रवारी ठरवले तरी चालतात.

रविवार सकाळ कशाने बुडते याचा विचार केलात तर कारणं आध्यात्मिक निघत नाहीत. पाणी, इस्त्री, मटण. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. आणि ते नेमकं रविवारी सकाळी नऊला सुटलं तर कोण उठून उपासनेला जाईल? शेजारणीशी ठरवून ठेवा, तिच्या वाराला तुम्ही, तुमच्या रविवारी ती. कपडे, बुटं, मुलीची रिबिन, अर्पणाचं पाकीट, बायबल, सगळं शनिवारी रात्री जेवणाआधी एका खुर्चीवर. आणि मटण. रविवारचं मटण आपल्या घरांत सुटणार नाही, सोडा असं मी म्हणणारही नाही, पण ते उपासनेच्या आधी शिजत ठेवायची सक्ती कोणी केली? सकाळी पोहे खाऊन जा, येताना मिस्टर मटण आणतील, जेवण तीनला होईल. सासूबाईंना तीन वाजेपर्यंत थांबणं जमत नसेल तर त्यांच्यासाठी खिचडी.

सासूबाई गुडघ्यांमुळे येऊ शकत नाहीत. त्यांना मोबाइलवर उपासना लावून देता, ते ठीक. आजारी माणसाला, ड्युटीवरच्या माणसाला ती सोय मोलाची आहे. धडधाकट माणसाने मात्र पलंगावर पडून तीन मंडळ्यांचे संदेश पुढे सरकवत बघावेत आणि त्याला उपासना म्हणावं, याला माझा विरोध आहे. तिथे शेजारी कोणी नसतं, प्रभुभोजन नसतं, नंतर दारात "सलाम, कसं चाललंय" विचारणारं कोणी नसतं. सासूबाईंसाठी पाळकसाहेबांना सांगा, महिन्यातून एकदा घरी येऊन त्यांना प्रभुभोजन द्या. पाळकाने करायच्या कामांत ते पहिल्या रांगेतलं आहे, पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

रोजचं. घरगुती प्रार्थना पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. रात्रीच्या जेवणाला जोडा; घड्याळाला जोडली की पाळीच्या घरात टिकत नाही. एक गीत, दहाबारा ओळी वचन, आणि प्रार्थना आळीपाळीने. चौथीतल्या मुलीला एक दिवस चालवायला द्या, ती लांबवेल, लांबवू द्या. मिस्टर दुपारपाळीला असतील तर त्यांच्याशिवाय करा. सगळे जमल्यावर करू म्हटलं की आठवडा निघून जातो.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "क्लासची टेस्ट रविवारी असते म्हणून तो येत नाही." मला वाटतं, तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड ओळ तीच. लातूरपासून संभाजीनगरपर्यंत रविवारच्या टेस्टचं पेव फुटलंय. वर्षातून एखादी परीक्षा रविवारी आली, एमपीएससीसारखी, तर पोराने निर्धास्त जावं आणि संध्याकाळी उपासनेला यावं. पण दर रविवारी सकाळी टेस्ट म्हणजे दोन वर्षं मंडळी बंद, आणि दहावीनंतर अकरावी-बारावी त्याहून कडक. चौदा-पंधराव्या वर्षी सुटलेला मुलगा सहसा लग्नाच्या दाखल्यासाठीच परत दिसतो. क्लासच्या सरांशी बोलायची वेळ जूनमध्ये, फी भरण्याआधी असते. भरल्यानंतर तुमचं कोणी ऐकत नाही. दुपारच्या बॅचसोबत टेस्ट देता येईल का, एवढंच विचारा. बरेच सर तयार होतात, त्यांनाही फी हवी असते. या वर्षीची फी भरून झाली असेल तर संध्याकाळची उपासना, आणि सोबत त्याचे वडील.

वेळ हे त्याचं सांगायचं कारण असेल, खरं कारण बहुधा दुसरं. नववीतल्या मुलाला शब्बाथशाळेत लहान मुलांबरोबर बसायची लाज वाटते आणि मोठ्यांत त्याला कोणी विचारत नाही. त्याला काहीतरी हातात द्या. गीतांच्या ओळी पडद्यावर दाखवणं, ढोलकी, खुर्च्या लावणं. फक्त सुरुवातीला सांगितलेली दोन खाती त्यालाही लागू, महिन्यातून दोनच रविवार काम.

गावचा प्रश्न हंगामाचा आहे. कापूस फुटला की वेचणीला माणसं मिळत नाहीत आणि रविवारी सगळे अंबडकडे. जा, जावंच लागतं. पण गावात मंडळी असेल तर त्या रविवारी तिथे बसा. खेड्यातल्या मंडळ्या हंगामात रात्री जमतात, कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन. दहा-पंधरा माणसं असतात आणि शहरातून आलेल्या चार माणसांचं त्यांना किती वाटतं हे एकदा जाऊन बघा. आपल्याकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर दसरा-दिवाळीनंतर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडावर त्यांच्याकडे पाळकही नसतो आणि रविवारही नसतो. सकाळी कोयता हातात घ्यायच्या आधी एक गीत म्हणून कामाला लागणारी घरं मी पाहिली आहेत.

लग्नांचं फार मनाला लावून घेऊ नका. नात्यातलं, शेजारचं लग्न रविवारी असतंच. पत्रिकेत बारा पस्तीसचा मुहूर्त असला तरी मराठवाड्यात अक्षता दोनच्या आधी पडत नाहीत. सकाळची उपासना करून आरामात पोहोचता.

शेवटी एक काम मंडळीचं, तुमचं नाही. साडेनऊची उपासना सव्वादहाला सुरू होणं, सूचना अर्धा तास चालणं, याचा फटका सगळ्यात जास्त पाळीवाल्यांना बसतो. ज्याला दोनला ड्युटीवर हजर व्हायचंय तो असे तीन रविवार बघतो आणि चौथ्यांदा येत नाही. वार्षिक सभेत हा विषय लेखी द्या: उपासना वेळेवर सुरू व्हावी, कमिटीची बैठक रविवार सोडून घ्यावी, संध्याकाळची उपासना नसेल तर महिन्यातून दोनदा तरी सुरू करावी. एकटीने देऊ नका. तुमच्या मंडळीत किमान आठ-दहा घरं कंपनी, दवाखाना, एसटी, पोलीस खात्यातली निघतील. त्यांच्या सह्या घ्या. आणि इन्चार्ज सिस्टरांना पुढच्या महिन्याचं पत्र या आठवड्यातच द्या, यादी बनायच्या आधी.